इनपुट फिल्टरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची खरोखर गरज आहे का?

लहरी_मंडळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सध्या एका बक कन्व्हर्टरच्या (डीसी व्होल्टेज कमी करणाऱ्या स्विचिंग मंडळाच्या) इनपुट फिल्टरचे काम हाती आहे आणि त्यातील भागांच्या निवडीबद्दल माझे एक मत बनले आहे. ते येथे मांडतो, म्हणजे त्याची नीट चिरफाड होईल. इनपुट १८ ते ३२ व्होल्ट डीसी, आउटपुट १२ व्होल्ट आणि ४ अँपिअर, स्विचिंगची वारंवारता ४०० किलोहर्ट्झ. आयसीच्या पायांशी १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर, १२१० आकाराचे तीन सिरॅमिक कपॅसिटर आहेत आणि त्यांच्यामागे, कनेक्टरच्या बाजूला, ४.७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आहे. त्याचा डीसी रोध १८ मिलिओहम आहे.

माझे म्हणणे असे, की येथे इलेक्ट्रोलायटिक लावण्याचे आता काही कारण उरलेले नाही. तो जागा अडवतो, उष्णतेने वाळतो, थंडीत त्याचा ईएसआर (आतला साखळी रोध) वाढतो आणि संपूर्ण बोर्डाचे आयुष्य शेवटी तोच ठरवतो. रिपल करंटचे, म्हणजे स्विचिंगमुळे कपॅसिटरमधून वाहणाऱ्या चढउतारी करंटचे, गणित मी केले आहे. ड्यूटी सायकल (स्विच चालू असण्याच्या वेळेचे प्रमाण) आणि एक वजा ड्यूटी सायकल यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला आउटपुट करंटने गुणले, की २४ व्होल्टला, म्हणजे सर्वांत वाईट स्थितीत, २ अँपिअर आरएमएस येतात. एवढा भार तीन सिरॅमिक सहज पेलतात. मग हा चौथा भिडू हवाच कशाला?

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. टेबलावरच्या सप्लायला मीटरभर तारांनी जोडले, की सगळे सुरळीत चालते. लिथियम बॅटरी पॅक आखूड आणि जाड तारांनी जोडला, तर १८ व्होल्टच्या आसपास पूर्ण भारावर इनपुटवर सुमारे १६ किलोहर्ट्झची स्वच्छ साइन लहर दिसू लागते. २४ व्होल्टला ती नाहीशी होते. आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रण लूपचा फेज मार्जिन (दोलनापासूनचे सुरक्षित अंतर) ५५ अंश भरला आहे, त्यामुळे संशय घ्यायचा तो कोणावर, हा प्रश्न आहे.

सोल्डरगंध

तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाचे उत्तर तुमच्याच तिसऱ्या परिच्छेदात आहे.

ओहमचा_चेला

सोल्डरगंध यांनी एका ओळीत निकाल दिला आहे. मी त्याची कारणे देतो.

आउटपुट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर इनपुटकडून ठरावीक शक्ती घेतो. इनपुट व्होल्टेज कमी झाले, की तो जास्त करंट ओढतो. वाढले, की कमी ओढतो. म्हणजे लहान बदलांपुरता तो इनपुट फिल्टरला ऋण रोधासारखा दिसतो आणि त्या रोधाचे मूल्य व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्ती इतके असते. तुमची इनपुट शक्ती तोटे धरून ५० वॅटच्या आसपास असेल. तेव्हा २४ व्होल्टला हा रोध उणे ११.५ ओहम आणि १८ व्होल्टला उणे ६.५ ओहम येतो. साधा रोध दोलन शमवतो, तर ऋण रोध त्याला ऊर्जा पुरवतो. फिल्टरमधील धन रोधापेक्षा त्याचा जोर अधिक झाला, की इंडक्टर (एल) आणि कपॅसिटर (सी) यांचे एलसी मंडळ स्वतःच डोलू लागते. लूपच्या वेगाच्या आतील वारंवारतांवर हे वर्णन लागू पडते आणि १६ किलोहर्ट्झ तुमच्या लूपच्या आवाक्यात असणार.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये याची अट मांडली: फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) प्रत्येक वारंवारतेवर कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सपेक्षा बराच कमी असावा. अनुनादाच्या ठिकाणी, म्हणजे मंडळाच्या नैसर्गिक वारंवारतेवर, फिल्टरचा इम्पिडन्स एल भागिले सी भागिले आर इतका चढतो, आणि येथे आर म्हणजे मार्गातील एकूण रोध. तुमच्या बाबतीत इंडक्टर, सिरॅमिक, तारा आणि बॅटरी मिळून फार तर २५ मिलिओहम असतील. आता गंमत पाहा, तुमच्या भागांचे गुण जितके चांगले, तितका हा शिखराचा आकडा मोठा.

फेज मार्जिन तुम्ही टेबलावरच्या सप्लायवर मोजला असेल, तर तो आकडा खोटा नाही. तो दुसऱ्याच मंडळाचा आहे.

मापनमित्र

मला त्या १६ किलोहर्ट्झमध्ये अधिक रस आहे. तीन सिरॅमिक खरोखरच ३० मायक्रोफॅरड असते, तर ४.७ मायक्रोहेन्रीसोबत त्यांची अनुनादी वारंवारता १३.४ किलोहर्ट्झ आली असती. १६ किलोहर्ट्झवरून उलट गणित केल्यास २१ मायक्रोफॅरड निघतात. म्हणजे १८ व्होल्टला तुमचा प्रत्येक कपॅसिटर ७ मायक्रोफॅरडचा आहे. धारिता मोजण्यासाठी वेगळे उपकरण लागले नाही, बोर्डानेच ती मोजून दाखवली. डेटाशीटमधील डीसी बायसचा (डीसी व्होल्टेजखाली धारिता किती घटते याचा) आलेख काढून पडताळून पाहावे.

आता हाच आकडा ओहमचा_चेला यांच्या सूत्रात घालू. ४.७ भागिले २१ भागिले ०.०२५ म्हणजे सुमारे ९ ओहम. १८ व्होल्टला ऋण रोध ६.५ ओहम आहे, त्यामुळे दोलन होणारच. २४ व्होल्टला धारिता आणखी घटून १८ मायक्रोफॅरड झाली असे धरले, तर शिखर सुमारे १०.५ ओहम आणि ऋण रोध ११.५ ओहम. तेथे तुमचे मंडळ स्थिर आहे खरे, पण अगदी काठावर.

लहरी_मंडळ

आलेख काढला. उत्पादकाच्या आलेखावर १८ व्होल्टला ७ आणि २४ व्होल्टला ६ मायक्रोफॅरडच्या जवळपासचे आकडे आहेत. मापनमित्र, आपल्या गणिताला दाद देतो. मात्र एक शंका आहे. एक्स७आर हा प्रकार स्थिर मानला जातो ना?

चिनीमाती

एक्स७आर ही संज्ञा फक्त तापमानाबद्दल बोलते: उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात धारिता १५ टक्क्यांहून अधिक इकडेतिकडे होणार नाही, एवढेच तिचे आश्वासन आहे. डीसी व्होल्टेजखाली काय होईल, याविषयी ती काहीच सांगत नाही. त्यामुळे दोन एक्स७आर कपॅसिटरांचे छापील आकडे अगदी सारखे असूनही २४ व्होल्टला त्यांच्यात मोठा फरक पडू शकतो. साधारणपणे तीच धारिता आणि तोच व्होल्टेज दर्जा लहान आकारात कोंबला, की घट अधिक होते, म्हणून १२१० च्या जागी ०८०५ बसवून जागा वाचवणाऱ्याने आधी आलेख पाहावा. सी०जी प्रकारात ही घट नगण्य असते, पण त्यात १० मायक्रोफॅरड मिळवायचे म्हटले तर बोर्डावर दुसरे काही बसणार नाही. वाय५व्ही मात्र येथे आणूच नये. तापमानानेच त्याची धारिता ८२ टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि बायसचा फटका त्यावर वेगळा.

दुसरी गोष्ट बसवण्याबद्दल. मोठ्या आकाराचे सिरॅमिक बोर्ड वाकल्याने तडकतात आणि तडकलेला कपॅसिटर बहुधा शॉर्ट होतो. इनपुटवर, फ्यूजनंतर का होईना, बॅटरीसमोर तो शॉर्ट झाला तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा त्याला बोर्डाच्या कडेला किंवा स्क्रूच्या छिद्राजवळ बसवत नाही. लवचीक टर्मिनेशनचे प्रकार घ्यावेत, कपॅसिटरची लांबी बोर्ड तोडण्याच्या रेषेला समांतर ठेवावी आणि जेथे आग परवडणारच नाही तेथे दोन कपॅसिटर एकापुढे एक, परस्परांशी काटकोनात लावावेत.

रात्रपाळी

मला हे ऋण रोधाचे प्रकरण थोडे फुगवलेले वाटते. टेबलावरच्या सप्लायवर काहीच होत नाही, यावरूनच दिसते की तारांमध्ये थोडा रोध असला तरी पुरे. मग इनपुटला ०.१ ओहमचा रोध टाकून मोकळे व्हावे. त्यासाठी इलेक्ट्रोलायटिकचा मोठा डबा कशाला?

ओहमचा_चेला

रात्रपाळी, तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्यातूनच धागाकर्त्याचे कोडे सुटते. लांब तारा आणि सप्लाय मिळून ०.१ ओहमची भर घालत असतील, तर शिखर ९ ओहमवरून २ ओहमच्या खाली येते आणि दोलन थांबते. मात्र तोच रोध बोर्डावर कायमचा बसवला, तर १८ व्होल्टला २.८ अँपिअरवर तो सुमारे ०.८ वॅट उष्णता अखंड देत राहील. ५० वॅटच्या सप्लायमध्ये कार्यक्षमतेचा दीड टक्का असा सोडून देणे मला पटत नाही. काही जण इंडक्टरच्या समांतर रोध लावतात. त्यात डीसी तोटा होत नाही, पण उच्च वारंवारतेचा गोंगाट त्या रोधातून पलीकडे जातो आणि फिल्टर बसवण्याचा हेतूच निम्मा निष्फळ ठरतो.

म्हणून रूढ उपाय असा, की मुख्य कपॅसिटरच्या समांतर एक मोठा कपॅसिटर आणि त्याच्या साखळीत रोध लावायचा. डीसी करंट त्या रोधातून जात नाही. अनुनादाच्या वेळी मात्र तो मध्ये येऊन ऊर्जा शोषतो. मोठा कपॅसिटर मुख्य धारितेच्या चौपट घेतला, तर सर्वांत अनुकूल रोध फिल्टरच्या मूळ इम्पिडन्सच्या, म्हणजे एल भागिले सी याच्या वर्गमूळाच्या, ०.६ पट येतो आणि शिखर त्या इम्पिडन्सच्या ०.८७ पटीवर थांबते. येथे मूळ इम्पिडन्स अर्धा ओहम आहे. म्हणजे रोध ०.३ ओहम, कपॅसिटर ७२ मायक्रोफॅरडहून मोठा, आणि ९ ते १० ओहमचे शिखर अर्ध्या ओहमच्या आत.

आता १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टच्या साध्या इलेक्ट्रोलायटिकचा ईएसआर उघडून पाहा. तो ०.३ ओहमच्या आसपासच असतो. ज्या दोषावरून तुम्ही त्याला नाकारत होता, त्यासाठीच तो येथे हवा आहे.

लहरी_मंडळ

हे मान्य करावे लागते. तरीही आयुष्य आणि थंडी या दोन्ही शंका कायम आहेत. उपकरण बंद पेटीत असेल, आत ६५ अंशांपर्यंत तापमान जाईल आणि हिवाळ्यात ते शून्याखालीही चालू करावे लागेल.

कोरडा_कपॅसिटर

माझ्या सदस्यनामावरून माझा पूर्वग्रह कळला असेलच, तरी निःपक्षपातीपणे लिहितो. डेटाशीटवर १०५ अंशांना २००० तास लिहिलेले असेल, तर दर १० अंशांच्या घसरणीला आयुष्य दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. ६५ अंशांना चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. अखंड चालवल्यास साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. तेवढे पुरत नसेल, तर त्याच आकारात ५००० तासांची मालिका घ्यावी, म्हणजे तेच गणित ८०,००० तासांवर जाते.

हा हिशेब कपॅसिटरच्या गाभ्याच्या तापमानाचा आहे. रिपल करंटमुळे तो आतून तापत असेल, तर आयुष्य कमी होते, आणि येथे इलेक्ट्रोलायटिकची बाजू उलट मजबूत आहे. ४०० किलोहर्ट्झला तुमच्या सिरॅमिकांचा इम्पिडन्स सुमारे २२ मिलिओहम आणि याचा ३०० मिलिओहम. म्हणजे २ अँपिअर रिपलपैकी याच्या वाट्याला जेमतेम ०.१५ अँपिअर येतील. तो कोमट देखील होणार नाही. इलेक्ट्रोलायटिक लवकर मेल्याच्या बहुतेक कहाण्यांत त्याला एकट्याला सगळा रिपल पेलायला लावलेला असतो किंवा तापणाऱ्या इंडक्टरला चिकटवून बसवलेले असते.

थंडीत ईएसआर वाढतो हे खरे. उणे ४० अंशांना तो दहापट झाला असे धरू. ३ ओहमच्या समांतर डॅम्पिंगने (दोलन शमवण्याने) फिल्टरचे शिखर ३ ओहमच्या आत राहते आणि तुमचा ऋण रोध ६.५ ओहम आहे. सुरक्षिततेचे अंतर कमी होते, पण संपत नाही. शिवाय चालू झाल्यावर पेटी आतून तापते.

नवा_फिल्टर

पॉलिमर कपॅसिटर का वापरू नये? ते वाळत नाहीत आणि थंडीत त्यांचा ईएसआर फारसा बदलत नाही.

चिनीमाती

पॉलिमरचा ईएसआर २० मिलिओहमच्या घरात असतो, त्यामुळे डॅम्पिंग होणार नाही.

मापनमित्र

चिनीमाती यांच्याशी येथे अंशतः असहमत आहे. १०० मायक्रोफॅरडचे पॉलिमर लावले, तर धारिताच सहापट होते. एल भागिले सी भागिले आर पुन्हा काढल्यास शिखर १ ओहमच्या आत येते, म्हणजे १८ व्होल्टला दोलन होणार नाही. स्थिरतेची अट तेही पूर्ण करतात. अडचण वेगळी आहे: मंडळाचा क्यू (अनुनादाची तीव्रता) चारच्या वर राहतो, त्यामुळे भार एकदम बदलला किंवा प्लग खोचला, की ७ किलोहर्ट्झच्या आसपास बरेच हेलकावे येतात. शिवाय स्विचिंग रिपलचा मोठा वाटा सिरॅमिक सोडून पॉलिमरकडे वळतो, म्हणून त्याचा रिपल दर्जा खरोखर तपासावा लागतो. ज्यांना थंडीचाच प्रश्न आहे, त्यांनी पॉलिमरच्या साखळीत ०.२७ ओहमचा रोध टाकावा. मग दोन्हीकडचे गुण मिळतात, फक्त तो रोध प्लग खोचतानाचा करंटचा झटका सोसणारा असावा. लहान पातळ फिल्मचे रोध तेथे उडतात.

चिनीमाती

दुरुस्ती योग्य आहे. डॅम्पिंग होणार नाही असे न म्हणता, पुरेसे होणार नाही, असे म्हणायला हवे होते.

जुना_मल्टिमीटर

टँटलमचे नाव कोणी काढले नाही, याचे समाधान वाटले.

नवा_फिल्टर

मी आता काढणारच होतो. त्याचा ईएसआर ०.३ ओहमच्या आसपास मिळतो, आकारही लहान असतो. मग काय वाईट?

जुना_मल्टिमीटर

मँगनीज डायऑक्साइडचे टँटलम कमी रोधाच्या स्रोताला एकदम जोडले, की करंटच्या झटक्याने त्यांतील एखादा शॉर्ट होऊ शकतो, आणि तो शॉर्ट झाल्यावर नुसता गरम होत नाही, पेटतो. म्हणूनच अशा जागी त्यांचा व्होल्टेज दर्जा प्रत्यक्ष व्होल्टेजच्या निदान दुप्पट ठेवतात. ३२ व्होल्टच्या इनपुटला म्हणजे ६४ व्होल्टहून अधिक, आणि तेही लिथियम बॅटरीसमोर. आउटपुटच्या बाजूला, जेथे व्होल्टेज हळूहळू चढते, तेथे त्यांना खुशाल नांदू द्यावे.

फेराइट

प्लग खोचण्याचा उल्लेख दोनदा आला, पण त्याचे गणित कोणी मांडलेले नाही. सिरॅमिक आणि इंडक्टर यांच्या जवळजवळ रोधहीन मंडळाला एकदम ३२ व्होल्ट मिळाले, की कपॅसिटरवरचे व्होल्टेज दुपटीपर्यंत, म्हणजे ६४ व्होल्टकडे उसळते. धारिता व्होल्टेजसोबत घटत असल्यामुळे ते दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. तुमचे कपॅसिटर ५० व्होल्टचे आहेत, आयसी कदाचित ४० किंवा ६० व्होल्टचा असेल. त्याच क्षणी इंडक्टरमधून काही दशक अँपिअर जाऊ पाहतात. साधा फेराइट गाभा संपृक्त होऊन जवळजवळ कोरी तार बनतो; दाबलेल्या चूर्णाचा गाभा हळूहळू मऊ पडतो, म्हणून इनपुटला मी नेहमी तोच निवडतो. तसा गाभा घेतला, तर सॅच्युरेशन करंट निवडताना नेहमीच्या भाराचा २.८ अँपिअर हा आकडा पुरतो, पण २.८ अँपिअरला इंडक्टन्स किती उरतो, हे आलेखावरूनच घ्यावे.

टीव्हीएस डायोड (जास्तीचे व्होल्टेज कापणारा) लावला की भागले, असे समजणाऱ्यांसाठी: ३३ व्होल्ट स्टँड-ऑफच्या (तेथपर्यंत निष्क्रिय राहणाऱ्या), ६०० वॅटच्या डायोडचे क्लॅम्पिंग व्होल्टेज त्याच्या कमाल करंटला ५३ व्होल्टच्या आसपास असते. बाहेरून येणाऱ्या मोठ्या झटक्यासाठी तो हवाच, पण ४० व्होल्टच्या आयसीला तो वाचवणार नाही. ही उसळी मुळातच शमवण्याचे काम पुन्हा त्या ०.३ ओहमच्या डब्यानेच होते.

नवा_फिल्टर

इंडक्टरऐवजी फेराइट बीड लावला तर? त्यावर ६०० ओहम लिहिलेले असते.

फेराइट

ते ६०० ओहम १०० मेगाहर्ट्झचे आहेत. ४०० किलोहर्ट्झला बीड म्हणजे जवळपास तारच. शिवाय छापील करंटच्या बऱ्याच आधी, काही वेळा पाव भागावरच, त्याचा इम्पिडन्स कोसळू लागतो. ३० मेगाहर्ट्झच्या पुढचा गोंगाट त्रास देत असेल, तर इंडक्टरसोबत जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

अर्थिंग

थोडे विषयांतर, पण शीर्षकात केवळ डीसी असे लिहिलेले नाही, म्हणून मेन्सच्या बाजूबद्दल चार ओळी लिहितो. तेथे कपॅसिटरची निवड धारितेने सुरू होत नाही, सुरक्षा वर्गाने होते. लाइन आणि न्यूट्रलमध्ये एक्स वर्ग, लाइन आणि अर्थ यांच्यात वाय वर्ग. आयईसी ६०३८४-१४ नुसार एक्स२ ला २.५ किलोव्होल्टच्या, एक्स१ ला ४, वाय२ ला ५ आणि वाय१ ला ८ किलोव्होल्टच्या आघातांची चाचणी असते. वाय कपॅसिटर शॉर्ट झाला तर उपकरणाची धातूची पेटी जिवंत होऊ शकते, म्हणून तेथे ६३० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर कितीही दणकट वाटला तरी चालत नाही. वायची धारिता वरूनही बांधलेली असते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला २.२ नॅनोफॅरडमधून ०.१६ मिलिअँपिअर गळती होते, आणि रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांत एवढीही जड पडते. गोंगाट कमी करायचा, तर तेथे वाय वाढवता येत नाही, कॉमन मोड चोक (दोन्ही तारांतील समान गोंगाट अडवणारा इंडक्टर) वाढवावा लागतो.

एक्स कपॅसिटरवर डिस्चार्ज रोध विसरू नये. ०.३३ मायक्रोफॅरडला १ मेगओहम पुरतो, पण १२०६ आकाराच्या रोधाचा व्होल्टेज दर्जा सहसा २०० व्होल्ट असतो, म्हणून दोन रोध साखळीत लावतात.

मापनमित्र

अर्थिंग, कॉमन मोड चोकची गळती इंडक्टन्स डिफरन्शियल, म्हणजे दोन तारांमधील गोंगाटाच्या, फिल्टरसाठी फुकटात मिळते, हेही जोडायला हवे. दोन्ही वेटोळी गाभ्यावर वेगवेगळ्या भागांत गुंडाळलेली असली, की मुख्य इंडक्टन्सच्या साधारण एका टक्क्याइतकी ती सापडते आणि अनेकदा वेगळा इंडक्टर लागतच नाही.

आता मूळ मंडळाकडे येतो. धागाकर्त्याच्या फिल्टरमध्ये एक उणीव राहिली आहे, जिचा स्थिरतेशी संबंध नाही. इंडक्टरच्या कनेक्टरकडील बाजूला कपॅसिटरच नाही. गोंगाटाची चाचणी करताना लिस्न (सप्लाय आणि उपकरण यांच्यामधले मोजणीचे प्रमाणित जाळे) लावला, की प्रत्येक तारेमागे ५० ओहम, म्हणजे दोन्ही मिळून १०० ओहम दिसतात. ४.७ मायक्रोहेन्रीचा इम्पिडन्स ४०० किलोहर्ट्झला १२ ओहमही नाही. १०० ओहमसमोर १२ ओहम म्हणजे अडथळा नाहीच. तेथे आणखी एक १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, प्रत्यक्षात ६ मायक्रोफॅरडचा, लावल्यास त्याचा इम्पिडन्स ६६ मिलिओहम होतो आणि १२ ओहमच्या तुलनेत सुमारे ४५ डेसिबलची घट मिळते.

सोल्डरगंध

आणि हे ४५ डेसिबल बोर्डावर घालवणे सोपे आहे. इंडक्टर आणि कनेक्टर स्विच नोडजवळ (स्विच आणि आउटपुट इंडक्टर जोडणाऱ्या बिंदूजवळ) ठेवले, की चुंबकीय क्षेत्र फिल्टरला वळसा घालून थेट कनेक्टरपर्यंत पोहोचते. मग भाग कितीही निवडून लावा, स्पेक्ट्रम जागचा हलत नाही. १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक १ नॅनोहेन्रीच्या मार्गासह १.६ मेगाहर्ट्झपर्यंतच कपॅसिटर असतो. त्यापुढे तो इंडक्टर. म्हणून आयसीच्या पायांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा लहान कपॅसिटर ठेवतात, जो १६ मेगाहर्ट्झपर्यंत साथ देतो. तो दोन सेंटिमीटर दूर ठेवायचा असेल, तर न लावलेला बरा.

रात्रपाळी

कनेक्टरच्या तोंडाशी सिरॅमिक लावला, की तो बाहेरच्या तारेच्या इंडक्टन्सशी वाजू लागणार. मग फेराइट यांची ६४ व्होल्टची उसळी तेथेही आली. आता इलेक्ट्रोलायटिक इंडक्टरच्या अलीकडे लावायचा की पलीकडे?

ओहमचा_चेला

योग्य प्रश्न आहे. कन्व्हर्टरच्या दृष्टीने पाहा. आखूड तारांची बॅटरी असेल, तर कनेक्टरकडील कपॅसिटर बॅटरीनेच जवळजवळ शॉर्ट केलेला असतो. तेथे लावलेला इलेक्ट्रोलायटिक डोलणाऱ्या मंडळापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून डॅम्पिंगचा डबा कन्व्हर्टरच्या बाजूला, तीन सिरॅमिकांच्या समांतर. कनेक्टरच्या बाजूला टीव्हीएस, आणि तारा लांब असण्याची शक्यता असेल, तर तेथील सिरॅमिकच्या समांतर आणखी एक लहान इलेक्ट्रोलायटिक. आयसी कनेक्टरपासून इंडक्टरने विभक्त असल्यामुळे तेथील उसळी त्याच्यापर्यंत बरीच मवाळ होऊन जाते, पण तो सिरॅमिक ५० ऐवजी १०० व्होल्टचा घ्यावा. १०० व्होल्टचा घेतल्याने बायसची घटही कमी होते.

लहरी_मंडळ

सर्वांचे आभार. बदल करून पाहिले, ते नोंदवतो. कन्व्हर्टरच्या बाजूला १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशांना ५००० तासांचा इलेक्ट्रोलायटिक बसवला; त्याचा ईएसआर डेटाशीटनुसार ०.३४ ओहम आहे. कनेक्टरच्या बाजूला १०० व्होल्टचा ४.७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि टीव्हीएस. इंडक्टर चूर्णगाभ्याचा घेतला आणि स्विच नोडपासून दूर हलवला. बॅटरीवर १८ व्होल्टला पूर्ण भारावरची लहर गेली. ३२ व्होल्टला थेट प्लग खोचल्यावर आयसीच्या पायाशी सुमारे ४१ व्होल्टपर्यंत उसळी दिसते. आयसी ६० व्होल्टचा असल्यामुळे ती चालेल. इलेक्ट्रोलायटिकला हात लावला, तर तो शेजारच्या तांब्याइतकाच गरम होता. शीतकक्षात उणे २० अंशांनाही लहर परतली नाही.

माझे मूळ मत मी मागे घेतो, पण अर्धेच: रिपल पेलण्यासाठी त्याची गरज नाही, हे अजूनही खरे आहे.

फेराइट

एक तपासणी राहिली. बॅटरी उतरताना व्होल्टेज १८ च्या खालीही जाईल, आणि आयसी तेव्हाही पूर्ण शक्ती देण्याचा प्रयत्न करील. १४ व्होल्टला ऋण रोध ३.९ ओहमवर येतो आणि कडाक्याच्या थंडीत तुमचा ईएसआर ३ ओहमच्या जवळ असू शकतो. कमी व्होल्टेजला बंद करणारी मर्यादा किती ठेवली आहे?

लहरी_मंडळ

ती आयसीची मूळचीच, ६ व्होल्टची होती. आपला प्रतिसाद वाचून दोन रोधांची विभागणी बदलली आणि ती १६.५ व्होल्टला आणली. तेथे ऋण रोध ५.४ ओहम येतो.